अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा कोच गेला की ‘पुढचा कोण’ म्हणून जी नावं येतात, ती कितपत खरी मानायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ऑगस्टमध्ये ज्या विद्यापीठात शिकायला जाणार आहे, तिथल्या फुटबॉल संघाच्या कोचला नुकतंच काढलं. नव्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दिवसभर तोच विषय, रोज एक नवं नाव ‘पक्कं’ म्हणून येतं. यात खरं किती आणि एका कोचपायी एवढी धावपळ कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. (फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो.) मी अकरा वर्षं सिएटलजवळ बॉथेलला राहतो. माझी मुलगी इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकली. जानेवारी २०२४ मध्ये हे सगळं आम्ही अगदी जवळून पाहिलं, म्हणून त्यावरूनच सांगतो.

उत्तर आधी देतो. पहिल्या दोन दिवसांत येणारी बहुतेक नावं मनावर घेऊ नका. आणि ‘मी कुठेही जाणार नाही’ असं कोचने स्वतः सांगितलं तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

आता आमची गोष्ट. सोमवारी, ८ जानेवारीला, ह्यूस्टनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला. आमचा संघ सलग १४ सामने जिंकून तिथे पोचला होता. २०२१ मध्ये याच संघाने १२ पैकी ८ सामने हरले होते. केलन डीबोअर कोच म्हणून आले आणि दोन वर्षांत चित्र पालटलं. अंतिम सामन्यात मिशिगन विद्यापीठाने ३४-१३ असं हरवलं, तरी गावात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता. बुधवारी बातमी आली की अलाबामा विद्यापीठाचे कोच निक सेबन निवृत्त झाले. १७ हंगाम आणि तिथे ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस. त्या खुर्चीत कोण, यावर तासाभरात याद्या फिरू लागल्या. ओरेगॉनचे डॅन लॅनिंग, टेक्ससचे स्टीव्ह सार्किशियन, क्लेमसनचे डॅबो स्वीनी. स्वीनी तर अलाबामाचेच माजी खेळाडू, म्हणून ‘घरचा माणूस घरी येणार’ असं अनेकांनी ठामपणे सांगितलं. लॅनिंगनी व्हिडिओ टाकून ‘मी इथेच आहे’ म्हणून सांगितलं. शुक्रवारी नाव जाहीर झालं ते डीबोअर यांचं.

त्या शुक्रवारी सिएटलमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. शेजारचे आजोबा अंगणातल्या नळाला फोम गुंडाळत होते. ते याच विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. हस्की स्टेडियममध्ये तळ्याच्या बाजूच्या त्याच दोन खुर्च्यांवर त्यांनी चाळीस वर्षं सामने पाहिलेत, आधी बायकोसोबत आणि ती गेल्यावर नातवासोबत. मी बातमी ऐकून बाहेर आलो, तर त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, “चार दिवस.” सोमवार ते शुक्रवार. हातातला फोम निसटून खाली पडला, तो त्यांनी पुन्हा उचलून गुंडाळला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथल्या लोकांसाठी हा नुसता खेळ नाही.

पुढे काय झालं ते पाहिलंत तर याद्या का चुकतात ते लक्षात येईल. हा सगळा खो-खोचा प्रकार आहे. अलाबामाने वॉशिंग्टनला खो दिला. वॉशिंग्टनने दोन दिवसांत अ‍ॅरिझोनाचे जेड फिश आणले. अ‍ॅरिझोनाने आणखी दोन दिवसांत सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन घेतले. सॅन होजेने नौदल अकादमीचे माजी कोच केन नियुमाटालोलो यांना बोलावलं. सेबन यांच्या एका निवृत्तीने तीन चालू कोच उठले, आणि प्रत्येक ठिकाणचं नाव आदल्या ठिकाणच्या निर्णयावर अवलंबून होतं. वर्तमानपत्रातली यादी मात्र एकाच खुर्चीकडे पाहून केलेली असते.

दुसरी गोष्ट पैशाची. एखादं नाव बाहेर आलं की मी आता आधी विचारतो, हे नाव आल्याने फायदा कुणाचा? सेबन, जिंबो फिशर, लेन किफिन या तिन्ही नावाजलेल्या कोचचा एजंट एकच, जिमी सेक्स्टन. असा एजंट रिकाम्या जागेकडे आपल्या माणसाची संधी म्हणून बघणारच. माणूस गेला तर नवा करार, न गेला तर जुन्या ठिकाणी पगारवाढ. २०२१ मध्ये पेन स्टेटच्या जेम्स फ्रँकलिन यांचं नाव इतर विद्यापीठांसाठी सतत घेतलं जात होतं. नोव्हेंबरमध्ये पेन स्टेटने त्यांच्याशी १० वर्षांचा, किमान साडेसात कोटी डॉलरचा करार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच पेन स्टेटने त्यांना काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे जवळपास ५ कोटी डॉलर अंगावर होते. याला इथे बायआउट म्हणतात. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फिशर यांना काढलं तेव्हा हा आकडा साडेसात कोटींच्या वर होता, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहाशे कोटी रुपयांहून जास्त. आणि त्यांच्या जागी एका रात्री ‘जवळजवळ ठरलेलं’ नाव केंटकीच्या मार्क स्टूप्स यांचं होतं. चाहत्यांनी असा गदारोळ केला की रात्रीतच स्टूप्स यांनी ‘मी केंटकीतच राहतोय’ म्हणून जाहीर केलं. दोन दिवसांनी ड्यूकचे माइक एल्को आले. थोडक्यात, बातमी खरी असते, तरी ती त्या संध्याकाळपुरतीच खरी असू शकते.

कोचच्या नकाराबद्दल सेबन यांचंच उदाहरण देतो. २१ डिसेंबर २००६ रोजी, मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे कोच असताना, त्यांनी पत्रकारांना सांगितलं की मी अलाबामाचा कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ रोजी ते अलाबामाचे कोच झाले. १३ दिवस! मी याला खोटेपणा म्हणणार नाही. चालू हंगामात दुसरं काही बोलायची सोयच नसते. पण त्या वाक्यावर विसंबून कुणाच्या मुलाने कॉलेज निवडू नये.

आणि माझा जीव तुटतो तो संघातल्या मुलांसाठी. माझी मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टसाठी तिच्या गटात चौघं होते, त्यातला एक संघातला राखीव खेळाडू. त्या आठवड्यात तो ग्रंथालयात फोन टेबलावर उलटा ठेवून बसायचा आणि दर पाच मिनिटांनी सुलटा करून बघायचा. नवा कोच येताना स्वतःचे सहायक आणतो, आधीच्या संघातले खेळाडूही आणतो. इथून काही जण डीबोअर यांच्यामागे अलाबामाला गेले, अ‍ॅरिझोनातून काही जण फिश यांच्यामागे इथे आले. तेव्हाच्या नियमाने कोच गेल्यावर खेळाडूंना दुसरीकडे जायला ३० दिवस मिळायचे. पण दुसऱ्या विद्यापीठाचं सत्र सुरू झालेलं असलं, तर प्रवेशाच्या मुदतीमुळे खरे हातात आठ-दहा दिवसच. शुक्रवारी रात्री त्या मुलाने गटाला मेसेज केला, “प्रोजेक्टवर माझं नाव टाकू नका, मी असेन की नाही माहीत नाही.” वय १९. गेल्या वर्षी त्याच्या आईवडिलांशी घरी येऊन बोललेला कोच आता दोन हजार मैलांवर होता. आता नियम बदललाय. नवा कोच आल्यावर पाच दिवसांनी १५ दिवसांची मुदत सुरू होते. निदान नव्या माणसाचं तोंड बघून निर्णय घेता येतो, हे मला फार चांगलं वाटतं.

खरा घोळ वेळापत्रकाचा आहे. हंगाम संपायच्या आत नवे कोच ठरतात, कारण नव्या खेळाडूंच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी लेन किफिन ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेले, तेव्हा ओल मिसने ११ सामने जिंकले होते आणि प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, समोर होता. त्यांना प्लेऑफ संपेपर्यंत थांबायचं होतं, विद्यापीठाने नकार देऊन सहायक पीट गोल्डिंग यांच्याकडे संघ सोपवला. त्याच सुमारास टुलेन विद्यापीठाचे जॉन समरॉल यांनी फ्लोरिडाचं पद घेतलं, पण टुलेनने त्यांना प्लेऑफ संपेपर्यंत राहू दिलं. २० डिसेंबरला हेच दोन संघ समोरासमोर आले आणि ओल मिस ४१-१० ने जिंकलं. तरी टुलेनने केलं ते मला बरोबर वाटतं. ज्यांच्यासोबत वर्षभर घाम गाळला, त्यांचा शेवटचा सामना होईपर्यंत माणसाने तिथे असावं.

तर मुलीला सांगा, ग्रुपवरची नावं वाचायला हरकत नाही. पण बघायचंच असेल तर विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डिरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख, कोण आहे आणि त्याने आधी कुणाकुणाला नेमलंय ते बघ, आणि ज्याचं नाव घेतात त्याला आताच्या करारातून सोडवायला किती पैसे पडतील ते बघ. या दोन गोष्टींवरून यादी बरीच छोटी होते. तरीही चकवा बसू शकतो, आणि नेमणारा माणूसही टिकेलच असं नाही. फिश यांना आणणारे आमचे डिरेक्टर ट्रॉय डॅनन दोन महिन्यांत नेब्रास्काला गेले.

तिच्या वर्गात संघातलं कुणी असेल तर त्याला ‘आता तू जाणार का’ असं मात्र विचारू नकोस म्हणावं. दिवसातून पन्नास जण विचारत असतात. माझ्या मुलीने काही न विचारता प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर चारही नावं लिहून ठेवली. तो मुलगा राहिला. मार्चमध्ये शेवटचे तीन तक्ते त्यानेच समजावून सांगितले.