‘टेन्शनमुळे काही कळेनासं झालंय’

या महिन्यातही बहुतेक पत्रांत हेच वाक्य. ताणाने समज घटते, हे खरंच आहे. पण जे जे कळत नाही ते सगळं ताणाच्या खाती टाकू नका.

प्रश्न : डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं आणि पुढचं काहीच डोक्यात शिरलं नाही. ब्राह्मीने फरक पडेल?
उत्तर : नाही. वाक्य कळायचं तर त्याची सुरुवात शेवटपर्यंत लक्षात धरावी लागते. भीती नेमकी तीच जागा अडवते. सोबत कुणाला तरी न्या, गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या आणि उठण्याआधी डॉक्टरांना आपल्या शब्दांत म्हणून दाखवा.

प्रश्न : वडील (वय ६४) परवापासून अचानक असंबद्ध बोलतात, विचारलेलं त्यांना कळत नाही. आत्या गेल्याचा धक्का असेल, असं शेजारी म्हणतात. किती दिवस वाट पाहावी?
उत्तर : एक मिनिटही नाही. दोन दिवस आधीच गेलेत. आत्ताच्या आत्ता रुग्णालय गाठा. धक्क्याने माणूस गप्प होतो, रडतो. पण ‘चष्मा द्या’ म्हटल्यावर चमचा पुढे करणं, सफाईने पण निरर्थक बोलत राहणं, हा मेंदूच्या डाव्या बाजूचा पक्षाघात असू शकतो. हातपाय चालतात, तोंड वाकडं नाही, म्हणून घरचे फसतात. शब्दांचा अर्थ लावणारा भाग हालचालींच्या भागापासून वेगळा, थोडा मागे असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. अशा वेळी १०८ला फोन करा, सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्या. पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. घरची ॲस्पिरिनही नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. मधुमेह असेल तर साखर घटूनही असं होतं. इंजेक्शनची वेळ टळली असली तरी कारण शोधावंच लागतं, नाहीतर दुसरा झटका येऊ शकतो.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. बाई रागावल्या की सूचना कळत नाहीत. एका क्लासने ‘मेंदू जागृत’ करणारा कोर्स सुचवलाय.
उत्तर : डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायचे, तोच ना? पैसे वाचवा. आधी कान तपासा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं की शब्द अर्धवट पोचतात. कान ठीक असतील तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर एका वेळी एकच सूचना, तीही न ओरडता.

प्रश्न : भांडणानंतर नवऱ्याचा नुसता ‘बरं’ हा मेसेजही टोमणा वाटतो.
उत्तर : अक्षरांना सूर नसतो, तो तुमचा राग लावतो. फोन करा.