‘त्र्यंबकेश्वर’ कापलं की शेवटी मोडका श् का येतो?

तुमचं दुकान नाशिकचं, वेबसाइटवरच्या कार्डांवर गावांची नावं, आणि जागा कमी म्हणून जावास्क्रिप्टच्या ‘स्लाइस’ने ११ वर कापलंत. मग ‘त्र्यंबकेश्’ दिसतं, बरोबर?

आपण वाचताना त्र्यं-ब-के-श्व-र अशी ५ अक्षरं मोजतो. जावास्क्रिप्ट मात्र मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्हसुद्धा वेगवेगळं मोजतं. ‘लेंग्थ’ विचारून बघा, १३ येईल. अकराव्या जागी नेमकं श चं हलन्त येतं, तिथेच सुरी पडते. (८ वर कापलंत तर ‘त्र्यंबक’ छान दिसेल आणि बग आठवडाभर कळणारही नाही!)

माझं मत, कापाकापी जावास्क्रिप्टकडे देऊच नका. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘ओव्हरफ्लो: हिडन’, ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’ आणि ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो: इलिप्सिस’ लिहा. जागा संपली की ब्राउझर स्वतःच तीन टिंबं देतो. कार्ड फ्लेक्सच्या (सीएसएसमधल्या ओळीत मांडायच्या रचनेच्या) आत असेल तर त्याला ‘मिन-विड्थ: ०’ पण द्या, नाहीतर ते आकसतच नाही. मी यावर एक अख्खी दुपार घालवली आहे.

‘ओव्हरफ्लो: हिडन’मुळे रफार, वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जाऊ शकतात. ‘लाइन-हाइट’ १.६ च्या आसपास ठेवून बघा, ‘नांदूरमध्यमेश्वर’ टाकून तपासा.

अक्षरं मोजायचीच असतील तर मजकूर अक्षरांत तोडून देणारा जावास्क्रिप्टचा ‘इंटल.सेगमेंटर’ आहे, पण जुन्या ब्राउझरमध्ये तो श्व सारखी जोडाक्षरं फोडतो.