सिगारसोबत शेरी कास्कमधली कोणती सिंगल माल्ट घ्यावी?

ओलोरोसो शेरीच्या (गडद, कोरड्या स्पॅनिश वाइनच्या) पिंपात मुरलेली, ४३ ते ४८ टक्के अल्कोहोलची माल्ट व्हिस्की घ्या. मनुका, सुकं अंजीर, अक्रोड, डार्क चॉकलेट या तिच्या चवी तंबाखूच्या धुरातही टिकतात. ४० टक्क्यांची हलकी माल्ट दोन झुरक्यांत पाण्यासारखी लागते.

सौम्य ते मध्यम सिगारला ४३ टक्क्यांची ग्लेनड्रोनाक १२ उत्तम. डॅलमोर सिगार माल्ट रिझर्व्ह (४४ टक्के) तर याच जोडीसाठी बनवलेली आहे, मात्र तिच्यात शेरीसोबत बर्बन आणि रेड वाइनची पिंपंही असतात. गडद मादुरो पानाची तिखट सिगार असेल तर अबरलूर अबुना किंवा ग्लेनफार्क्लास १०५. या दोन्ही साधारण ६० टक्क्यांच्या. पाणी न घालता तशाच प्यायल्या तर जीभ बधिर होते आणि सिगारची चवच कळत नाही. ३० मिलीत ९ मिली साधं पाणी घातलं की ४६ टक्क्यांच्या आसपास येते.

बर्फ नको. थंडाव्याने सुकामेव्याचा गोडवा दबतो आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा उरतो.

आधी झुरका, धूर सोडून दहा-पंधरा सेकंद थांबा, मग छोटा घोट. झुरके मिनिटाला एकच. घाई केली की सिगार तापून कडवट होते आणि दोष उगाच व्हिस्कीला लागतो. बाटली उघडल्यावर विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला, तर तो गंधकाचा. धुरासोबत तो जास्तच बोचतो, ती बाटली सिगारसाठी वापरू नका.