आईच्या पाटल्या आणि टर्बो किट

या वेळचं पत्र सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून आलंय. वाचक ३१ वर्षांचे, काकांबरोबर लेथचं वर्कशॉप चालवतात, पॉवरलूमचे सुटे भाग बनवतात. घरी आई-वडील, बायको, दोन वर्षांची मुलगी. २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक घेऊन तिची ड्रॅग रेसिंगची, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत धावायच्या छोट्या शर्यतीची, गाडी करायला घेतली आहे. आजवर ३,७०,००० रुपये गेले: गाडी, इंजिनचं काम, पेंट. उरलेल्या सामानाची यादी त्यांनी अशी पाठवली आहे. टर्बो किट (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारं) १,६५,०००, फोर्ज्ड पिस्टन-रॉड आणि हेडचं काम १,२०,०००, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा वेगळा कॉम्प्युटर) आणि ट्यूनिंग १,१०,०००, क्लच ३०,०००, एलएसडी (एकच चाक नुसतं फिरू नये म्हणून ताकद दोन्ही चाकांत वाटणारा डिफरेन्शियल) ७५,०००, चार सेमी-स्लिक (रस्त्याला जास्त चिकटणारे) टायर ६०,०००. शेवटी "जमलं तर" असं लिहून रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा), सीट, हार्नेस (शर्यतीचा सीटबेल्ट), हेल्मेट वगैरे ९५,०००. एकूण ६,५५,०००. एफडी ३,२०,००० ची आहे, मुलीच्या नावाने चाललेल्या एसआयपीत १,४०,००० आहेत. घरखर्च ३८,०००, तो वजा जाता महिन्याला सरासरी ११,००० उरतात. विचार असा की आईचे दागिने ठेवून चार लाखांचं गोल्ड लोन काढायचं, बाकीचे २,५५,००० एफडीतून घ्यायचे आणि गाडी एकदाची पूर्ण करायची. आईची तयारी आहे.

तुमचा प्रश्न आहे, "लोन काढू की थांबू?" मी म्हणेन, लोन काढू नका. पण थांबूही नका.

आधी लोनचा हिशेब. चार लाख, साडेदहा टक्के धरले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ३,५००. तुमचे ११,००० दरमहा न चुकता भरले तर कर्ज फिटायला ४४ महिने लागतात आणि व्याजाचे साधारण ८४,००० जातात. आकडा जीवघेणा नाही, मान्य. पण या ४४ महिन्यांत गाडीसाठी एक रुपयाही उरत नाही. म्हणजे गाडी पूर्ण होणार आणि शेडमध्ये कव्हर घालून उभी राहणार. शर्यतीला न्यायला पैसे कुठून आणणार? लूमवाल्यांकडची बिलं किती महिने थकतात हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय गोल्ड लोन बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या मुदतीचं असतं. व्याज भरायचं आणि पुन्हा फिरवायचं, असं करत पाटल्या चार-चार वर्षं तिजोरीत पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

माझ्या वडिलांनीही आईचे दागिने ठेवून दोन जुने लूम घेतले होते, म्हणून सोन्यावर कर्ज म्हटलं की मी लगेच नाक मुरडत नाही. पण ते लूम दर आठवड्याला पैसे देत होते. तुमची सिटी दर महिन्याला पैसे मागणार आहे. छंद आहे, तो मागणारच. त्यात चूक काही नाही, फक्त तो महिन्याच्या शिलकीतून भागला पाहिजे.

"टप्प्याटप्प्याने केलं तर इंजिन दोनदा उघडावं लागेल, मजुरी दुप्पट," हा तुमचा मुद्दा मी दोनदा वाचला. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर मानलाही असता. पण मशिनिस्ट तुम्ही स्वतः, वर्कशॉप घरचं. इंजिन परत उघडायला गॅस्केट सेट, ऑइल आणि तुमचे दोन रविवार लागतील. ८४,००० च्या व्याजापुढे ते काहीच नाही.

त्यापेक्षा मला तुमच्या यादीत काय नाही याची काळजी वाटते. टर्बो एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त हवं, म्हणजे मोठे इंजेक्टर आणि फ्युएल पंप. टर्बोला ऑइलची लाइन हवी. उष्णता वाढली की रेडिएटर अपुरा पडतो, आणि एप्रिल-मे मधलं सोलापूर तुम्हाला माहीत आहे. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, २००२ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, तेही बदलायचे. यातलं काहीच ६,५५,००० मध्ये धरलेलं नाही. बाहेरून सामान मागवणार असाल तर कस्टम्स, जीएसटी, कुरियर आणि क्रेडिट कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं.

आणि एवढं करून ती ताकद रस्त्यावर उतरणार कशी? सिटी पुढच्या चाकांवर चालते. सुटताना गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि नुसती फिरतात. ४०२ मीटरची शर्यत पहिल्या ६० फुटांतच बरीचशी ठरते. तिथे वाचवलेला सेकंदाचा दहावा हिस्सा शेवटी दीडपट-दुप्पट होऊन मिळतो, असा ड्रॅगवाल्यांचा ठोकताळा आहे. दुसरा ठोकताळा वजनाचा: साधारण ४५ किलो उतरवले की सेकंदाचा दहावा हिस्सा कमी. मागची सीट, कार्पेट, एसी, स्पेअर व्हील काढायला पाना लागतो, पैसे नाहीत.

आता पैशाच्या नजरेने यादीकडे बघू. कुठलाही भाग घेताना मी दोन गोष्टी विचारतो. उद्या मन बदललं तर तो काढून विकता येईल का? आणि कपाटात पडून त्याचं आयुष्य संपतं का? ईसीयू, एलएसडी, रिम हे निघतात, गिऱ्हाइकही मिळतं, भले कमी भावात. हेडचं मशिनिंग, ट्यूनिंग, केजचं वेल्डिंग यातला पैसा गाडीत विरघळतो. हार्नेस आणि टायर तर नुसते ठेवून म्हातारे होतात. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेने प्रमाणित केलेल्या हार्नेसवर मुदतीचं वर्षच छापलेलं असतं, बनल्यापासून पाचेक वर्षांचं. म्हणून या दोन वस्तू सगळ्यात शेवटी, स्पर्धेत नाव दिल्यावरच घ्या.

या कसोटीवर केज सगळ्यात वाईट गुंतवणूक ठरते. एक रुपया परत येत नाही. तरीही तुमच्या यादीतले "जमलं तर" हे शब्द मी खोडले आहेत, केज हवाच. फक्त एक: लेथ आणि वेल्डिंग मशीन हाताशी आहे म्हणून शेडमधल्या पाइपाचा केज करू नका. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप लागतो, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० बाय २. ज्या स्पर्धेत उतरणार तिचं नियमपुस्तक आधी मिळवा, तुमच्या गटाला काय सक्तीचं आहे ते वाचा आणि मगच पाइप कापा.

तर पैसे असे लावा. सहा महिन्यांचा घरखर्च २,२८,०००, तो एफडीतच राहील. वरचे ९२,००० गाडीला. महिन्याच्या ११,००० पैकी हजार-बाराशे आधी टर्म इन्शुरन्सला. पत्रात त्याचा उल्लेखच नाही, दोन वर्षांची मुलगी असलेल्या माणसाच्या पत्रात. प्रस्ताव भरताना मोटर रेसिंग करतो हे स्पष्ट लिहा. प्रीमियम थोडा वाढेल किंवा कंपनी एखादी अट घालेल, चालेल. लपवलेली गोष्ट पुढे दाव्याच्या वेळी बायकोला भोवते. उरलेल्यातले ९,००० दरमहा गाडीला, वर्षाचे १,०८,०००. एकूण झाले दोन लाख.

दोन लाखांत सुरक्षेचे ९५,०००, क्लच ३०,०००, आणि चाराऐवजी पुढचे दोनच टायर ३०,०००. मागचे टायर फक्त सोबत धावतात, त्यांना सेमी-स्लिक कशाला? झाले १,५५,०००. राहिलेल्या ४५,००० तले ३५,००० पहिल्या स्पर्धेसाठी बाजूला ठेवा. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' होते, आपल्याकडून ती तीनशे किलोमीटरहून लांब. गाडी फ्लॅटबेडवर न्यायची आणि आणायची, प्रवेश फी, स्पर्धेचं लायसन्स, राहणं. हा खर्चही तुमच्या यादीत नव्हता. उरलेले १०,००० ऑइल, ब्रेक पॅड आणि त्या रबरी पाइपांना.

टर्बो नाही, १०६ बीएचपीचं मूळ इंजिन. मोठ्या टर्बोवाल्यांच्या मागे राहाल, हे आधीच सांगतो. पण वर्षभरात गाडी धावलेली असेल आणि एसआयपीला हातही लागलेला नसेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की तोवर "रविवारी पहाटे होटगी रोडवर चेक करतो." हे आजच बंद करा. तुमच्या मोटर पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या आहेत, त्यात शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं आहे. मूळ रचना बदललेली गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, रस्त्यावरची शर्यत १८९ मध्ये. पोलिसांचा दंड सोडून द्या. पहाटे फिरायला निघालेल्या कुणाला लागलं तर भरपाईला वरची मर्यादा नसते, आणि विमा कंपनीने आधी पैसे दिले तरी ती नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. त्या दिवशी पाटल्याच काय, वडिलांचं घरही अपुरं पडेल.

काकांशीही एकदा बोलून घ्या. गाडीसाठी लेथ किती तास चालला याची वहीत नोंद ठेवा, भागीदारीत असल्या गोष्टी नंतर आठवतात.

पहिली रन झाली की टाइम स्लिप, म्हणजे तुमच्या वेळांची चिठ्ठी, मिळते. तिच्यावरचा ६० फुटांचा आकडा मला कळवा. चाकं फिरून वेळ जात असेल तर पुढचे ७५,००० एलएसडीला, नसेल तर ईसीयूपासून सुरुवात करू.