पाकिटावर ब्लूबेरी, कपात कॉफी

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पाकिटावरच्या मजकुराबद्दल आहेत. देश, प्रक्रिया, उंची, जात आणि खाली तीन-चार फळाफुलांची नावं. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: इथिओपियाच्या कॉफीच्या पाकिटावर ‘ब्लूबेरी, जाई, लिंबाची साल’ असं लिहिलं होतं. हे स्वाद बाहेरून मिसळतात का? आणि मला त्यातलं एकही का जाणवलं नाही?

मिसळत नाहीत. भाजलेल्या कॉफीत गंध देणारी शेकडो संयुगं असतात आणि त्यांतली काही फुलाफळांतही सापडतात. लिनालूल हे त्यांपैकी एक. अनेक सुगंधी फुलांत ते असतं आणि कॉफीतही असतं. पाकिटावरची नावं म्हणजे चाखणाऱ्याला झालेली आठवण. ती घटकांची यादी नव्हे. या आठवणींना शिस्त लावायचा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी संघटनेनं १९९५ मध्ये स्वादांचं चक्र छापलं आणि २०१६ मध्ये ते नव्यानं बांधलं. त्यासाठी वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेच्या कोशाचा आधार घेतला. त्या कोशात प्रत्येक स्वादासाठी हुंगायचा किंवा चाखायचा नमुना ठरवून दिलेला आहे. पण पाकीट छापणाऱ्यावर या कोशाचं बंधन नसतं, आणि ती ओळ थोडी जाहिरातही असते, हे लक्षात असू द्या.

तुम्हाला काही जाणवलं नाही याचं पहिलं कारण बहुधा तापमान. कढत कॉफीत जिभेला उष्णता कळते, बारकावे कळत नाहीत. कप कोमट होऊ द्या आणि थंड होईपर्यंत थोड्या-थोड्या वेळानं घोट घ्या. फळांचा स्वाद बहुतेक वेळा तेव्हाच वर येतो. दुसरं, ब्लूबेरी शोधत बसू नका. स्वादांचं चक्र आतून बाहेर, म्हणजे ढोबळ स्वादांकडून नेमक्या स्वादांकडे वाचायचं असतं. ही कॉफी फळाकडे झुकते की सुकामेवा-चॉकलेटकडे? फळाकडे असेल तर लिंबूवर्गीय की बेरीसारखी? इथपर्यंत पोचलात तरी भरपूर झालं. शेजारी दुसरी कॉफी ठेवून चाखलीत तर फरक चटकन कळतो. एकट्या कपाला तुलना नसते, म्हणून तो ‘कॉफीसारखा’च लागतो.

प्रश्न: एकाच शेतातली, एकाच जातीची वॉश्ड आणि नॅचरल अशा दोन कॉफ्या घेतल्या. दोन वेगळ्या देशांतल्या वाटल्या. एवढा फरक कसा पडतो?

मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न हाच, तेव्हा जरा सविस्तर.

आपण जी ‘बी’ भाजतो ती एका लाल किंवा पिवळ्या फळाच्या पोटात असते. बाहेर साल, मग गर, मग बीला घट्ट धरून बसलेला चिकट थर, मग पार्चमेंट नावाचं कडक कवच आणि आत पातळ रुपेरी पापुद्रा. प्रक्रिया म्हणजे या थरांतलं काय, कधी आणि कसं काढायचं याचा निर्णय.

वॉश्डमध्ये तोडणीच्या दिवशीच पल्परमधून साल-गर काढतात. चिकट थर मात्र यंत्राला सहज दाद देत नाही, म्हणून बिया टाकीत साधारण १२ ते ३६ तास आंबवतात. सूक्ष्मजीव तो थर सैल करतात. मग बिया धुऊन पार्चमेंटसकट वाळवतात, ओलावा १० ते १२ टक्क्यांवर येईपर्यंत. कपात येते ती नितळ, उजळ आणि आंबट बाजू स्पष्ट असलेली चव. नॅचरलमध्ये फळ जसंच्या तसं उन्हात पसरतात. दोन ते चार आठवडे लागतात आणि तेवढे दिवस ते सतत परतत राहावं लागतं, नाहीतर बुरशी धरते किंवा दारूसारखा वास येतो. या काळात गरातल्या शर्करेवर सूक्ष्मजीवांचं काम चालू असतं आणि त्यातून तयार झालेले फळांच्या वासाचे पदार्थ बीपर्यंत पोचतात. शिवाय बी जिवंत असते. धुतलेली बी आणि फळात बंद असलेली बी यांची आतली रासायनिक वाटचाल वेगळी होते. ‘फळाची साखर बीत मुरते’ हे नेहमीचं स्पष्टीकरण ऐकायला सोपं आहे, पण ते अपुरं आहे.

मधला मार्ग म्हणजे हनी. साल काढायची, चिकट थर कमी-अधिक ठेवून वाळवायचं. कोस्टा रिकात या पद्धतीचे पिवळी, लाल, काळी असे प्रकार करतात. थर जास्त आणि वाळवण संथ, तसा रंग गडद होत जातो. यात मध कुठेही नसतो.

आणि एक टोकाचं उदाहरण सुमात्राचं. तिथे हवा दमट आहे, वाळवण रेंगाळतं आणि शेतकऱ्याला पैसे लवकर हवे असतात. म्हणून ‘गिलिंग बासाह’ पद्धतीत बीत ३० ते ३५ टक्के ओलावा असतानाच पार्चमेंट उतरवतात आणि उघडी बी पुढे वाळवतात. हिरवट-निळसर बी, कमी आंबटपणा, जड अंग (म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा), ओली माती आणि मसाल्याचा वास. लोक याला ‘सुमात्राच्या मातीची चव’ म्हणतात. मातीचा वाटा असेलही, पण त्या ओल्या कवच-उतरणीचा वाटा मोठा आहे.

म्हणून माझं मत असं: पहिल्या घोटात देशापेक्षा प्रक्रिया मोठ्यानं बोलते. ‘मला इथिओपियाची कॉफी आवडते’ म्हणणाऱ्या पुष्कळांना खरं तर नॅचरल आवडत असते. देश ओळखायला शिकायचं असेल तर वॉश्ड प्या.

प्रश्न: हल्ली सगळीकडे ‘ॲनएरोबिक’ दिसतं. हे खरंच वेगळं आहे की नुसतं फॅड?

वेगळं आहे. फळं किंवा साल काढलेल्या बिया बंद टाकीत ठेवतात, ऑक्सिजन कमी होतो, लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंसारख्यांचं फावतं आणि दालचिनी, पिकून गेलेलं फळ, वाईन अशा चवी येतात. यातली कार्बन डायऑक्साइड वापरणारी पद्धत वाईनच्या धंद्यातून आली. २०१५ मध्ये साशा सेस्टिच यांनी अशाच कॉफीवर जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकली आणि मग लाट आली.

माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही. कोलंबियाची, कोस्टा रिकाची आणि इथिओपियाची ॲनएरोबिक एकसारखीच दालचिनीची लागू लागली, तर पाकिटावर शेताचं नाव कशाला? पुढची पायरी म्हणजे टाकीत फळांचे तुकडे किंवा मसाले टाकून आंबवणं. तेही चालेल, फक्त पाकिटावर तसं लिहा. वर मी ‘मिसळत नाहीत’ म्हटलं त्याला हा अपवाद आहे.

प्रश्न: केनियाची हलकी भाजलेली कॉफी मला असह्य आंबट लागते. कॉफीच तशी असते की माझं काही चुकतंय?

दोन्ही शक्य आहे, आणि वेगळं करता येतं.

केनियाची कॉफी मुळात तडफदार असते. माउंट केनियाच्या उतारांवरच्या न्येरी, किरिन्यागा अशा भागांत ती उंचावर पिकते. एसएल-२८ आणि एसएल-३४ या जाती तिथे १९३० च्या दशकात स्कॉट लॅबोरेटरीजमध्ये निवडल्या गेल्या. आंबवून धुतलेल्या बिया पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवायचीही तिथे रीत आहे. यातून ब्लॅककरंट या बेरीसारखी, कधी टोमॅटोकडे झुकणारी आंबट-गोड चव येते. हा आंबटपणा रसाळ असतो, मागे गोडवा ठेवून जातो.

तुमच्या कपात तोंड आकसतं, घोट पातळ लागतो आणि गिळल्यावर काहीच उरत नाही, असं असेल तर कॉफीतला अर्क पुरेसा उतरलेला नाही. आम्लं पाण्यात लवकर उतरतात, पण त्यांना तोलणारं बाकीचं सगळं उतरायला जास्त वेळ लागतो. हलकी भाजलेली बी घट्ट असते, तिला जास्त मेहनत लागते. आधी दळण बारीक करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मग पाणी तापवा, ९४ ते ९६ अंश. प्रमाण लिटरला सुमारे ६० ग्रॅम पूड, हा सुरुवातीचा आकडा.

तरीही टोचत असेल तर पाण्याकडे बघा. अगदी क्षाररहित, गाळलेल्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतात. आम्लांची धार बोथट करण्याचं काम तेच करतात. स्पेशालिटी कॉफी संघटनेच्या मानकात ही क्षारता लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम सुचवली आहे. उलट जड पाण्यात केनियाची सगळी चमक जाते आणि ती खडूसारखी सपाट लागते. मी बीला दोष देण्याआधी नेहमी पाणी बदलून बघतो.

प्रश्न: केनिया एए, कोलंबिया सुप्रीमो, ग्वाटेमाला एसएचबी, इथिओपिया ग्रेड १. यांत सर्वांत वरची श्रेणी कोणती?

यांची तुलनाच होत नाही, कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. केनियाचं एए म्हणजे बीचा आकार: साधारण ७ मिलिमीटरच्या छिद्रांच्या चाळणीवर राहणारी मोठी बी. सुप्रीमोही आकारच. एसएचबी म्हणजे ग्वाटेमालातली ठरावीक उंचीवरची, म्हणून घट्ट बी. इथिओपियाचा आकडा दोष आणि कपातली चव पाहून दिलेला असतो. म्हणजे या चौघांत चवीबद्दल थेट बोलणारा एकच आहे. केनियाची एबी, म्हणजे थोडी लहान बी, मी एएपेक्षा खुशीत पितो.

‘स्पेशालिटी’ हा शब्द वेगळ्या मोजणीतून येतो. शंभरांपैकी ८० किंवा जास्त गुण, आणि ३५० ग्रॅम कच्च्या बियांत मोठा दोष एकही नाही, किरकोळ पाचपर्यंत चालतात.

प्रश्न: उंची जितकी जास्त तितकी कॉफी चांगली, हे खरं का?

खरं काम थंडाव्याचं. गारव्यात फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट होते. विषुववृत्ताजवळ हा गारवा मिळायला १,८०० मीटर चढावं लागतं. हवाईतलं कोना विषुववृत्तापासून दूर, तिथे काहीशे मीटरवरच तो मिळतो. तेव्हा एकाच प्रदेशातली दोन शेतं ताडायला उंचीचा आकडा उपयोगी, दोन देशांतली ताडायला नाही.

प्रश्न: गेशा एवढी महाग का? खरंच तेवढी वेगळी आहे?

वेगळी आहे. गेशा ही कॉफीची एक जात. चांगली वॉश्ड गेशा चहाकडे झुकते: जाई, बर्गामॉट हे सुगंधी लिंबूवर्गीय फळ, हलकं अंग. तिची गोष्टही गमतीची. १९३० च्या दशकात इथिओपियाच्या जंगलांतून गोळा केलेलं हे बियाणं टांझानियामार्गे १९५३ मध्ये कोस्टा रिकातल्या संशोधन केंद्रात पोचलं. तांबेरा रोग सोसते म्हणून १९६० च्या दशकात पनामात वाटलं गेलं. फांद्या ठिसूळ, म्हणून शेतकऱ्यांना ती फारशी रुचली नाही. २००४ मध्ये पनामातल्या बोकेतेच्या पीटरसन कुटुंबानं आपल्या हासिएंडा ला एस्मेराल्डा या शेतातली गेशा ‘बेस्ट ऑफ पनामा’ स्पर्धेत वेगळी काढून मांडली. ती पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर मिळाले, तेव्हाचा विक्रम. आता तो आकडा किरकोळ वाटतो.

पण नाव म्हणजे हमी नव्हे. कमी उंचीवरची, निष्काळजीपणे वाळवलेली गेशा साधीच लागते, किंमत मात्र नावाची घेते.

प्रश्न: मान्सून्ड मलबार स्पेशालिटीत बसते का?

तिची गंमतच उलटी आहे. जहाजं शिडाची होती तेव्हा भारतातून युरोपला जाताना बिया महिनोन्महिने दमट हवेत राहायच्या, फुगायच्या, फिकट व्हायच्या. प्रवास लवकर संपू लागल्यावर ती चव हरवली. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत पावसाळी वारा लावून ती मुद्दाम घडवतात. बिया पसरतात, हलवतात, गोण्यांत सैल भरतात. आंबटपणा जवळजवळ जातो, अंग जड होतं, वास जुन्या लाकडाचा आणि मसाल्याचा. ‘नितळ चव’ हाच निकष धरला तर ती हरते. एस्प्रेसोच्या मिश्रणात मात्र तिच्यासारखी दुसरी नाही.

प्रश्न: रोबस्टाला इथे जागा आहे?

आहे, वाढते आहे. अरेबिका, म्हणजे वर आलेल्या कॉफ्यांची प्रजाती, हीच मुळात रोबस्टाची प्रजाती आणि युजेनिऑइडिस ही कॉफीची आणखी एक प्रजाती यांच्या संकरातून जन्मलेली, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. कॅफीन जवळपास दुप्पट, त्यामुळे कडवटपणा अधिक. पण पिकलेलीच फळं तोडून नीट धुतलेली रोबस्टा गडद कोको आणि भाजलेल्या धान्यासारखी लागते, जळक्या रबरासारखी नाही.

प्रश्न: हे सगळं शिकायला सुरुवातीची तीन पाकिटं कोणती घेऊ?

इथिओपियातल्या यिर्गाचेफची वॉश्ड, शेजारच्याच गुजी किंवा यिर्गाचेफची नॅचरल, आणि सुमात्राची गिलिंग बासाह. पहिली दोन एकत्र चाखलीत की प्रक्रिया कळेल, तिसरी शेजारी ठेवलीत की दुसरं टोक दिसेल. तिन्हींची भाजणी हलकी ते मध्यम हवी, कारण गडद भाजणीत तिन्ही एकमेकींसारख्या होतात. भाजल्याच्या तारखा एकमेकींपासून आठवडाभराच्या आत असू द्या. भाजल्यावर आठवडाभर तरी थांबून पाकीट उघडा, ताज्या भाजणीतला वायू पूड पाण्यात नीट भिजू देत नाही. दूध-साखर पहिल्या कपात नको, दुसऱ्यात हवी तर घाला.