रंगपटातली उत्तरं : निळूभाऊंची नक्कल कुठे फसते?

प्रश्न : माझा पुतण्या दर गॅदरिंगला निळू फुल्यांची नक्कल करतो. घोगरा आवाज, तिरकी मान, वाड्यावर बोलावणं, सगळं येतं त्याला. हॉल खदाखदा हसतो. मला मात्र लहानपणी पडद्यावर निळूभाऊ दिसले की धडकी भरायची. हसू कधी आलं नाही. मग नक्कल कुठे कमी पडते?

उत्तर : पुतण्या आवाज उचलतो, थांबणं उचलत नाही. माझी हयात लोकांच्या तोंडाला रंग फासण्यात गेली, त्यामुळे चेहऱ्यापुरतं बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. खलनायक रंगवायचा म्हटलं की आमच्या धंद्यात हात आपोआप काळ्या पेन्सिलीकडे जातो. भुवया जाड करा, डोळ्यांखाली सावली द्या, मिशी स्पिरिट गमनं घट्ट बसवा. निळूभाऊंच्या चेहऱ्यावर यातलं फारसं काही लागलं नसतं. समोरच्याचं बोलणं ऐकताना त्यांचे डोळे जे करायचे, ते पेन्सिलीनं काढता येत नाही.

'सामना' (१९७४) पुन्हा बघा. जब्बार पटेलांचा चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील एका बेवड्या, अनोळखी मास्तरला घरी ठेवून घेतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. खाऊपिऊ घालतो, गाव दाखवतो, कौतुकानं बोलतो. यजमान म्हणून नाव ठेवायला जागा नाही. आणि मग मास्तर एकच प्रश्न धरून बसतो : मारुती कांबळेचं काय झालं? तिथून पुढे हिंदूरावाकडे बघत राहा. आदरातिथ्य तेच, बोलणं तेच, पण आता ते ऐकताना आपल्या पोटात गोळा येतो. मला विचाराल तर हा माणूस भीतिदायक वाटतो तो सभ्य असल्यामुळे. नकलाकार नेमकी ती सभ्यता काढून टाकतो. उरतो नुसता वाडा.

हे थांबणं आलं कुठून, तर लोकनाट्यातून असं माझं मत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात निळूभाऊ घडले, शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं, म्हणजे लोकनाट्यातल्या नाटकानं, नावारूपाला आले. वगात समोर प्रेक्षक बोलतो. शेरे मारतो, शिट्ट्या मारतो, कधी पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळा होतो. नट घाईत असेल तर त्याचं वाक्य हशात बुडतं. हशा कुठवर चढू द्यायचा आणि कुठल्या क्षणी त्याच्या पाठीवर पुढचा शब्द ठेवायचा, हे तिथे रोज रात्री शिकावं लागतं. कॅमेऱ्यासमोर हशा नसतो, पण ती सवय अंगात राहते. दोन वाक्यांमध्ये निळूभाऊ जी जागा सोडायचे तिच्यात आपण घाबरायचो. पुतण्याला सांगा, पुढच्या वेळी निम्मी वाक्यं काप आणि समोरच्याकडे नुसता बघ. हॉल हसला नाही तर समजायचं, जमलं.

प्रश्न : ते नायक का झाले नाहीत?

उत्तर : अहो, 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) मध्ये दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना झेले अण्णाची भूमिका दिली तेव्हा चाळिशी तोंडावर आली होती. त्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलेलं. त्या वयात झाडामागे पळत गाणी म्हणायची? बरं झालं नाही झाले. नायकाचं वय सरलं की काम सरतं. चरित्र नटाचं तसं नसतं, सुरकुती पडली की आणखी दोन भूमिका आत येतात.

प्रश्न : एकाच साच्यात अडकले असं तुम्हाला वाटत नाही का?

उत्तर : वाटतं. खोटं कशाला बोलू? 'सामना'नंतर सरपंच, पाटील, चेअरमन यांची रांग लागली आणि त्यातले बरेच चित्रपट त्यांच्या लायकीचे नव्हते. हिंदीतही 'सारांश' (१९८४) मध्ये वाट्याला आला तो पुढारीच, गजानन चित्रे. ती भूमिका मात्र उत्तम झाली. पण नटानं पोट भरायचं असतं, हे रंगपटात बसणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

साचा मोडलेला बघायचा असेल तर 'सिंहासन' (१९७९) बघा. पुन्हा तेच दोघे, पटेल आणि तेंडुलकर. पण इथे सत्ता दुसऱ्यांकडे आहे. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, डाव टाकणारे अर्थमंत्री डॉ. लागू, आणि निळूभाऊ झालेत पत्रकार दिगू टिपणीस. सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि काहीच न करू शकणारा माणूस. डोळे तेच. 'सामना'त ज्या नजरेला आपण टरकलो, तीच नजर इथे थकलेली आहे. शेवटी दिगू हसत सुटतो, ते हसू मी एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना त्या जागी उठून पाणी प्यायला गेलो.

प्रश्न : रंगभूमीवरचं त्यांचं कुठलं काम तुम्ही सर्वांत वर ठेवाल?

उत्तर : 'सखाराम बाइंडर', १९७२. तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शन कमलाकर सारंग, सखाराम निळूभाऊ आणि चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. नाटकावर बंदी आली, सारंग कोर्टात गेले आणि जिंकले, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्या गदारोळात सखारामच्या कामाबद्दल बोलायचं राहून गेलं, ही माझी जुनी तक्रार. टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा माणूस. त्याला राक्षस करणं सोपं, बिचारा करणं त्याहून सोपं. निळूभाऊंनी दोन्ही केलं नाही. बाई परत निघाली तर प्रवासभाड्याचे पैसे देईन, असं हा गृहस्थ हिशेब सांगितल्यासारखं सांगतो आणि आपल्याला क्षणभर तो व्यवहार रास्त वाटतो. रास्त वाटला म्हणून मग आपलीच लाज वाटते.

ते काम आता बघायला मिळत नाही. मिशीचा गम तासाभरात निघतो, नाटकाचंही तसंच. पुतण्याला 'सामना' दाखवा, आधी आवाज बंद करून.