बाबांचं व्हॉट्सॅप काढून टाकू का?

"मॅडम, बाबांच्या मोबाईलमधून व्हॉट्सॅपच काढून टाकलं तर?" २०२४ च्या दिवाळीनंतर हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की मोजायचं सोडलं. त्या वर्षी दिवाळी नेमकी विधानसभेच्या प्रचारात आली, पाडव्याला फराळाच्या ताटावर वाद, भाऊबीजेला ओवाळून झालं की लगेच वाद, कुणी फॅमिली ग्रुप सोडला, कुणी चुलत्याला ब्लॉक केलं. २३ नोव्हेंबरला राज्याचा निकाल लागला, पण घरोघरचे खटले चालूच राहिले आणि त्यातले बरेच माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, आले. कुणाचे बाबा, कुणाची मावशी, एकीचे तर सासू-सासरेच दोन वेगळ्या पक्षांचे. म्हणून एकाच घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि आठ-नऊ सेशन्स इथे गुंडाळून टाकतेय.

मुलाला निनाद म्हणू. पुण्यात आयटीत, वय चौतिसच्या आसपास. पहिल्या दिवशी आला तो फाईल घेऊनच. फाईलमध्ये बाबांनी वर्षभरात केलेले फॉरवर्ड्स आणि प्रत्येकाच्या मागे ते कसं खोटं आहे याची प्रिंट, हायलायटरने रंगवलेली. मी म्हटलं, अरे ही तर चार्जशीट झाली. हसला नाही. एवढी मेहनत घेऊन बाबांना दाखवली तर बाबा म्हणे, "हे फॅक्टचेकवालेही विकलेलेच." त्यावरून निनादने ग्रुप सोडला, घरी जाणं बंद केलं, आणि आई बिचारी दोघांना वेगवेगळे फोन करतेय.

"या फाईलचं शेवटी काय व्हायला हवंय तुला?"

"त्यांनी चूक मान्य केलीच पाहिजे."

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली आहे, लपवत नाही; "असं झालंच पाहिजे" हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं तो म्हणायचा. त्यामुळे माझा कान सारखा त्या "च"वर असतो. मराठीत हे फार सोयीचं आहे हो, माणसाचा सगळा हट्ट एका अक्षरात पकडता येतो. मी वहीवर नुसता एक "च" मोठा काढला आणि त्याच्याकडे सरकवला.

"आणि नाहीच केली मान्य तर?"

"तर मग... ते माझे बाबाच राहिले नाहीत." बोलून गेला आणि स्वतःच दचकला.

इथे माझीही एक चूक सांगते. पूर्वी मीसुद्धा लोकांना सांगायचे की शांतपणे पुरावा द्या. दहातल्या नऊ वेळा उलटंच व्हायचं, कारण सगळ्यांसमोर ग्रुपवर पुरावा दिला की तो पुरावा राहत नाही, कानाखाली मारल्यासारखं होतं ते. माणूस मग बातमी नाही, आपली इभ्रत वाचवत असतो.

तिसऱ्या-चौथ्या वेळी निनादचे बाबा आले, मी त्यांना काका म्हणायचे. रिटायर्ड एसटी कंट्रोलर, सातारा जिल्ह्यातल्या एका स्टँडवर बरीच वर्षं. आल्या आल्या, "मला काही झालेलं नाहीये, पोरगं म्हणालं म्हणून आलो." मी म्हटलं काका, झालेलं काही नाहीच, चहा घ्या. पहिला पाऊण तास आम्ही राजकारणाचा र काढला नाही. स्टँडबद्दलच बोललो. आषाढीच्या जादा गाड्या, परीक्षेच्या दिवसातली कॉलेजची पोरं, ब्रेकडाऊन गाडीचे पॅसेंजर दुसऱ्या गाडीत कसे बसवायचे. माणूस खुलला. आता फोनवर रोज सकाळी जुन्या स्टाफच्या ग्रुपवर पहिला मेसेज त्यांचाच असतो, हेही अभिमानाने सांगितलं. तेव्हाच मला अंदाज आला होता, पण मी घाई केली नाही (घाई न करणं हेच आमच्या धंद्यातलं अर्धं काम).

मग सहज म्हटल्यासारखं विचारलं, "फॉरवर्ड करण्याआधी काय बघता?"

"बघायचं काय? बोट दाबायचं फक्त. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा."

तेव्हा मी त्यांना धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचं सांगितलं. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. त्या दिवसात मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज सगळीकडे फिरत होते. त्यातली देशभर फिरलेली एक क्लिप तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेच्या जाहिरातीची होती, शेवटी मुलगा परत आणून सोडतात तेवढा भाग कापलेला. या पाच जणांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला एवढंच निमित्त झालं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाचही जणांना मारून टाकलं.

"काका, ते एसटीने आले होते. स्टॉपवर उतरले होते."

बराच वेळ काका कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आमचे पॅसेंजर."

मी गप्प. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, आणि मला न बोलणं जमलं याचं मला आजही बरं वाटतं. थोड्या वेळाने मीच विचारलं, "काका, गाडी फलाटावर लागली ही अनाऊन्समेंट तुम्ही कधी करायचात?"

"गाडी डोळ्याने बघितल्याशिवाय कधीच नाही. ड्रायव्हर येऊन पास दाखवणार, मी खिडकीतून नंबर बघणार, मगच माईक. एकदा पोरसवदा क्लार्कने ऐकीव माहितीवर पुकारलं, शंभर माणसं पिशव्या, पोरं घेऊन तीन नंबरकडे पळाली आणि गाडी लागली पाचला. एक म्हातारी पडली." आणि तिथेच थांबले. चेहरा बदलला त्यांचा. "आता रोज सकाळी पुकारतोयच की मी. गाडी न बघता."

हे वाक्य मी म्हटलेलं नाही हं, त्यांनी म्हटलंय. माझं काम फक्त माईकपर्यंत नेण्याचं होतं.

माझं मत असं बनलंय की फॉरवर्ड करणारा माणूस मूर्ख नसतो, त्याच्या आयुष्यात कुठेतरी पारखून घ्यायची जागा असतेच. आई भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघते, मामा प्लॉट घेताना सातबारा काढतो. तीच पारख मोबाईलपाशी का झोपते? कारण मेसेज अनोळखी माणसाकडून येत नाही. फेसबुकचं तरी मान्य आहे, तिथे २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला लाईकच्या पाचपट वजन होतं, म्हणजे चिडवणारी पोस्ट मशीनच वर ढकलत होतं. पण व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर असं मशीन नाही. तिथे आपला मावसभाऊच मशीन आहे. मेसेज कोणी बनवला ते कधीच दिसत नाही, कोणी पाठवला तेवढं दिसतं, आणि पाठवणारा तर लग्नात पंगतीला शेजारी बसलेला. शिवाय तीच गोष्ट चार ग्रुपवर चारदा वाचली की खरी वाटायला लागते, हे माणसाच्या मेंदूचं जुनं दुखणं आहे, १९७७ सालीच प्रयोगात दिसलंय. पक्षांच्या प्रचारवाल्यांना हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं कळतं.

त्यामुळे व्हॉट्सॅप काढून टाकू नका. रिटायर्ड माणसाचा तो स्टँड आहे. ग्रुपवर खोडून काढू नका, शक्यतो समोर बसून बोला, तेही रात्री जेवणानंतर नको, सकाळच्या चहाला. "हे खोटं आहे"ने सुरुवात झाली की संपलंच, त्यापेक्षा "हे तुम्हाला कोणी पाठवलं, त्याला कुठून आलं असेल" असं विचारा. मेसेजवरचे ते दोन बाण दाखवा, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय, असे मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतात ते उगीच नाही. क्लिपची तारीख, गाडीची नंबरप्लेट, मागच्या दुकानाच्या पाटीवरची भाषा एवढं बघायला लावलं तरी पुष्कळ होतं. आणि मत बदलायच्या मागे लागू नका हो. काकांचा पक्ष आजही तोच आहे. निनादला हे पचायला सर्वात जड गेलं. त्याला वाटत होतं की फॉरवर्ड थांबले की मतही फिरेल. मी म्हटलं, ते तुझं काम नाही आणि माझं तर नाहीच.

आपल्या बाजूचं खोटं आपल्याला खोटं वाटत नाही, हे मी निनादला दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही.

मग दीडेक महिन्याने त्याचा फोन. ग्रुपवर परत आला होता, आणि त्याने समोरच्या पक्षाच्या सभेतल्या मारामारीची क्लिप टाकली, खाली लिहिलं "बघा हे". दहा मिनिटांत काकांचं उत्तर: "गाडी बघितलीस का?"

"मग?"

"जुनी निघाली मॅडम. दुसऱ्याच राज्यातली."

"डिलीट केलीस ना?"

"करतो हो," म्हणाला, "पण पाच जणांनी अंगठा दिलाय."